नामे कोण?

आधी देवकामावशींचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. त्या नसत्या तर मी अजून बँकेच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत असते.

नागपूरच्या महाल भागात माझ्या खोलीला लागून त्यांची खोली. मूळच्या खाप्याच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर एकट्याच राहत. त्यांचा एक पक्का समज होता, जगात आपोआप काही होत नाही. दिवे गेले की आपण म्हणतो, दिवे गेले. मावशी विचारणार, "कोनं घालवले?" दूध उतू गेलं तरी तेच, "कोनं घालवलं?" घरात दुसरं माणूस नसताना! एकदा चपलेचा अंगठा तुटला, तर अर्धा दिवस संशयित शोधत होत्या. "कोनीतरी असतेच वं!" हे त्यांचं पालुपद.

मी वेंगुर्ल्याची. सहावीत शाळा सुटली. ओळखीतून ओळख निघत धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया म्हणून लागले. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. जाण्यायेण्याचं भाडं जमावं म्हणून पगारातलं थोडं थोडं बँकेत टाकत होते. पासबुकात दोन रकाने होते, एक भरत चाललेला आणि दुसरा कोरा. एक दिवस पाहते तर कोऱ्या रकान्यात तीन रुपये लिहिलेले! मी तर काही काढले नव्हते. वाटलं, हिची शाळा सुटली हे बँकेला कळलं आणि दंड केला. असेच पैसे जात राहिले तर मांडवात मी सोडून सगळे असणार.

"काहून रडून राहिली वं?" मावशी दारात. पासबुक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, रकान्याच्या डोक्यावरचं अक्षर अक्षर लावलं. "ना... मे. नामे! घे, चोरानं नाव पन लिहून ठेवलं. किती भला मानूस!"

मलाही पटलं. नागपुरात तितरमारे आडनावाचे लोक असतात, तर नामे का नसावेत?

मावशींनी पानठेल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत नामेचा तपास लावला. इतवारीत एक नामदेव सापडला. "तुले घरी नामे म्हनतेत का गा?" असं त्याला चारचौघांत विचारून आल्या. तो बिचारा आईची शपथ घेऊन मोकळा झाला.

शेवटी माझा हात धरून बँकेत. काउंटरवर छत्री आपटून मावशी गरजल्या, "नामेले बाहेर काढा!"

कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, नामे माणूस नाही."

"मानूस नाही तं तीन रुपये कोनं खाल्ले?"

"अहो, खात्यातून जे जातं ते नामे. येतं ते जमा."

"मंग हा जमा त्याचा भाऊ व्हय का?"

रांगेतले लोक हसायला लागले. मी पदर तोंडाशी धरून दार कुठं आहे ते बघत होते. मावशी जागच्या हलल्या नाहीत. "थे काही असो. पैसे आपोआप गेले का? कोनीतरी असतेच!"

कारकुनांनी कंटाळून मोठं रजिस्टर ओढलं, बोट फिरवलं, आणि ते बोट एका जागी थांबलं. चेकबुकाचे पैसे. मी तर चेकबुक बघितलंही नव्हतं. दुसऱ्याच्या खात्यातला आकडा माझ्या खात्यात पडला होता.

"कोनं लिहिला?" मावशी.

"मीच," कारकून म्हणाले.

"पाहा वं!" मावशींचा चेहरा असा फुलला, जसा नामेच हातकड्या घालून समोर उभा केला.

पैसे परत जमा झाले. कारकुनांना मावशी परत लवकर बँकेत नको असाव्यात. म्हणाले, "बाई, आलाच आहात तर तुमच्या खात्याचंही काम उरकू. पासबुकावर अजून यजमानांचं नाव आहे. मृत्यूचा दाखला आणा, काढून टाकतो."

मावशींनी छत्री काउंटरवरून उचलली. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, इतका खालचा.

"राहू द्या न भाऊ. थे काय खाऊन राहिले तुमचं?"

बाहेर पायरीवर त्यांनी स्वतःचं पासबुक पिशवीतून काढलं, पदरानं पुसलं, परत ठेवलं. मी विचारलंही नव्हतं, तरी म्हणाल्या, "कोनीतरी असू दे वं."

मी लग्नाला वेळेवर पोचले. पण एक ठरवलं आहे. एकदा मावशींना वेंगुर्ल्याला नेणार. आमच्या घरी माणसं इतकी, की दूध कोणी उतू घालवलं हे शोधता शोधता त्यांना दिवस पुरायचा नाही. आणि दर वेळी खरंच कोणीतरी असेल.