हालचाल आढळली

कपाटावरचा दिवा हा नुसता दिवा नव्हता, हे घरात दोघांनाच माहीत होतं: हर्षदाला आणि तिच्या नवऱ्याला. दिव्याच्या पोटात कॅमेरा होता. "रात्री गार्गी दचकते ना आई, म्हणून उजेडाला आणलाय," असं संदीपने आईच्या नजरेला नजर न देता सांगितलं आणि तो मिलमध्ये पळाला. तेव्हापासून हर्षदा पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायची आणि अधूनमधून फोनवर दहा महिन्यांच्या लेकीला बघायची. अधूनमधून म्हणजे दर दहा मिनिटांनी.

सासूबाई, म्हणजे सुभद्राबाई, मानी बाई. बारडोलीकडे पंधरा हंगाम ऊस तोडून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. आपल्यावर पहारा आहे हे कळलं असतं, तर पहिली बस पकडून त्या साक्रीला निघून गेल्या असत्या. मग गार्गी कोणापाशी? आणि हर्षदाची कराराची नोकरी कुठे?

म्हणून ती फार जपून होती. पण एके दिवशी शिक्षण खात्याचे गुजराती साहेब वर्ग बघायला येणार होते.

"बाई, तास स्मार्ट बोर्डावर घ्या हं," मुख्याध्यापक हिलाल सर म्हणाले. "साहेबांच्या रिपोर्टावर तुमचा करार आहे."

"सर, बोर्डाचं नेट तीन आठवडे बंद आहे."

"मग तुमचा फोन जोडा ना! फोनमध्ये दिसेल ते बोर्डावर दिसतं. किती सोपं!"

सोपंच होतं. तिने शेजारच्या फळ्यावर खडूने 'ऊस ते साखर' लिहिलं, फोन जोडला, व्हिडिओ लावला. तो गोल गोल फिरत राहिला. तेवढ्यात फोनवर पट्टी उमटली: 'हालचाल आढळली.' चार महिन्यांची सवय. अंगठा आपला आपण गेला.

बोर्डभर तिचं घर पसरलं. दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांसकट.

"बाई, हे कोणाचं घर?"

"ए, ती आजी बघ!"

"बाई, तुमचा डबा ओट्यावरच राहिलाय!" वाल्मिक ओरडला.

हर्षदाने हाताला लागेल ते बटण दाबलं. बंद काहीच झालं नाही, उलट खाली एक हिरवा माइक लुकलुकायला लागला. बोर्डावर सुभद्राबाईंनी साखरेची बरणी काढली, एकदा दाराकडे पाहिलं, बोट ओलं करून साखरेत बुडवलं आणि गार्गीकडे वळल्या. वर्षाच्या आत साखर नाही, हे हर्षदा रोज सकाळी सांगायची. सासूबाई रोज सकाळी मान डोलवायच्या.

"आई! साखर नका देऊ तिला!"

बोट हवेतच थांबलं.

"कोन शे रे?" सुभद्राबाईंनी दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग हळूच दिव्याकडे.

"आम्ही चौथी ब!" बेचाळीस पोरं एका सुरात.

त्या दिव्याजवळ आल्या. बोर्डभर नुसतं नाक झालं. "हर्षदा? तू दिवामा काय करी ऱ्हायनी?"

धरणीने पोटात घ्यावं असं हर्षदाला वाटलं. पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता.

"शुं चाले छे आ?" दारात साहेब उभे. मागे घामाघूम हिलाल सर.

पहिल्या बाकावरची उज्ज्वला टुणकन उठली. "साहेब, ऊस ते साखर."

साहेबांनी फळा पाहिला, साखरेचं बोट पाहिलं आणि खुर्ची ओढली. "अरे वा, लाइव्ह! बोला आजी, ऊस कसा तोडतात?"

सुभद्राबाईंनी पदर सारखा केला. "पंधरा हंगाम कोयता चालाडा मी. माले इचारा!"

आणि त्या सांगत सुटल्या. ऊस जमिनीलगत का तोडायचा, गोडी बुडख्यात कशी असते, पाचट हात कसं कापतं. त्यांनी तळवा दिव्यापुढे धरला. बोर्डभर जुने वण. पुढच्या बाकांवरची पोरं आपापले तळवे बघायला लागली.

"आजी, तोडताना ऊस खायचा का?"

"मंग! मुकादम नजर ठेये, तरी खावाना." मग दिव्यात रोखून बघत त्या म्हणाल्या, "पन मुकादम समोर उभा ऱ्हाये, पोरेहो. दिवामा बशीसन नही."

पोरं खो खो हसली. हर्षदा खडूचे तुकडे करत राहिली.

साहेबांनी शेरा लिहिला आणि आजींनाही वाचून दाखवला: 'तज्ज्ञ आजी उत्तम. दर गुरुवारी तास ठेवावा. शिक्षिकेने मध्येच ओरडू नये.'

संध्याकाळी ती एकेक पायरी मोजत घराचा जिना चढली. दार उघडलं तर खोलीच्या मध्यभागी सुभद्राबाईंची पिशवी उघडी, भोवती लुगडी.

"आई, मला माफ करा. नका ना जाऊ साक्रीला..."

"मी जासू तं चौथी ब ले कोन शिकाडी? तू?" त्यांनी दोन लुगडी पुढे धरली. "गुरुवारले कोनतं नेसू, ते सांग."

हर्षदाने हिरव्याकडे बोट दाखवलं. मग तिचं लक्ष कपाटावर गेलं. दिव्याला गार्गीचं टोपडं घातलेलं होतं, बंद नीट बांधून.

"तास गुरुवारना," सुभद्राबाई म्हणाल्या. "बाकी दिन मुकादमना डोया बंद."

दुसऱ्या दिवशी भागाकार शिकवताना फोन थरथरला. हालचाल आढळली. हर्षदाने चोरून पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने टोपड्याची आतली बाजू हलत होती, गुलाबी, फुलाफुलांची. दुसरं काही दिसत नव्हतं. फक्त, फोन कानाला लावला तेव्हा, बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.