नामूअण्णांचा शनी

चंद्राशेजारी कुठलाही ठळक ग्रह दिसला की आमचे नामूअण्णा त्याला शनी म्हणतात. शुक्र असो नाहीतर गुरू. अंगणातल्या भिंतीला टेकून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात, "शनिदेव आलं बघा चंद्राला भेटायला."

शिंगणापुरात हे खपतं. अण्णांचं तेल-नारळाचं दुकान आहे. गिऱ्हाईक वर बघून लगेच हात जोडतं. मी शेजारीण. एकदा म्हटलं, "अण्णा, तो शुक्र आहे." तर म्हणाले, "सूनबाई, तुझी पोळी करपली." करपली होतीच.

बरं, हे वर्षातून एकदा घडावं, तर तेही नाही. चंद्र दर महिन्याला फेरी मारतो आणि वाटेत एकेका ग्रहाजवळून जातो. म्हणजे महिन्यातून दोनदा तरी आमच्या कानठळ्या. खरा शनी चंद्राजवळ येतो त्या दिवशी मात्र अण्णा गप्प.

आता ती भिंत. ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथं अण्णा आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा, यांनी शेवग्याच्या झाडावरून भांडून अंगणात भिंत घातली. शेंगा आता दोघंही तोडत नाहीत. बोलणं कित्येक वर्षं बंद.

एकदा सोनईच्या बाजारातून टेम्पोनं परत येताना अण्णा शेजारी बसले होते. दिवस मावळलेला. सहज म्हणाले, "शुक्र आता बुडंल. गुरू हाय अजून वर."

"म्हणजे तुम्हाला सगळं कळतं? मग गावाला का फसवता?"

"गावाला कोन सांगतंय? दादानंच वळखायला शिकवलं मला, खळ्यावर निजायचो तवा. चुकलं की टपली. त्याला चुकीचं ऐकवत न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "आपनहून बोलायची लाज वाटती. पन त्याला एक दिवस राहवनार न्हाई. या महिन्यात न्हाई तर पुढच्या."

घरी जाऊन मी गुपचूप पोळ्या लाटल्या.

पुढं एका संध्याकाळी शुक्राजवळ चंद्राची कोर आली. अण्णांनी नेहमीप्रमाणे शनिदेवांची वर्दी दिली. भिंतीपलीकडं खाट करकरली.

"नाम्या, शुक्र हाय त्यो. किती येळा सांगायचं तुला?"

"व्हय, दादा," अण्णा म्हणाले, आणि भिंतीला धरून बराच वेळ उभे राहिले.

काही दिवसांनी चंद्र गुरूजवळ आला. अण्णांनी घसा साफ केला आणि त्याला मंगळ म्हणून टाकलं.