गाठी आलेल्या अठरा लिली

वृंदाने दिलेला सात सूचनांचा कागद गॅलरीच्या दारावर चिकटवायचा, एवढाच निर्णय मी घेतला होता. टाचणीने लावला तर वाऱ्याने फाटेल, म्हणून पाठीमागे सगळीकडे डिंक फासला. (मी पदार्थविज्ञानातला डॉक्टर आहे, अर्धवट काम मला जमत नाही. पूर्ण कामही जमत नाही, ते पुढे येईलच.)

वृंदा, म्हणजे माझी पत्नी, बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जानेवारीत पुण्याला निघाली होती, चांगले सहा आठवडे. मागे राहिलो मी आणि सहा निळ्या कुंड्यांतल्या अठरा लिली. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत दर मार्चमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. सलग चार वर्षं वृंदाला उत्तेजनार्थ स्टीलची वाटी मिळाली होती. यंदा तिला कप हवा होता. त्यासाठी तिने हिमाचलातून कंद मागवले, तळाशी विटांचे तुकडे घातले, वाळू, शेणखत आणि पानांचं खत कालवून अशी माती केली की हातात घ्यावी आणि परत ठेवूच नये. चाळीस वर्षं मी प्रयोगशाळेत काढली, पण इतक्या शांत हाताने काम करणारं माणूस तिथे पाहिलं नाही.

तेव्हा जबाबदारी मोठी होती. रोज सकाळी आठ वाजता मी पट्टी घेऊन अठराही रोपं मोजायचो आणि आलेख काढायचो.

“कशा आहेत?” वृंदा फोनवर विचारायची.

“वाढतायत.”

“आणि तुम्ही?”

“मी वाढत नाहीये.”

फेब्रुवारीच्या दहा तारखेला रोपं तेरा इंचांवर आली आणि थांबली. अकरा, बारा, तेरा तारीख. आलेखावरची रेघ आडवी. ओंजळभर खत जास्त घातलं, रेघ आडवीच. आणि पंधराला भिंगातून पाहतो तर प्रत्येक शेंड्यावर हिरव्या, टणक गाठी! एकेका रोपावर चार-चार. मी वनस्पतींच्या रोगांवरचे दोन ग्रंथ वाचले. (वाचलं की माझा संशय पक्का होतो.) मग सोसायटीच्या माळ्याला, रामफलला, वर बोलावलं.

“रामफल, इन्हें कहीं दूर फेंक दो. बीमारी है.”

रामफलने एक गाठ बोटांनी हलकेच चाचपली. “साहब, ये तो...”

“बहस मत करो. मैंने पढ़ा है.”

“अच्छा जी,” म्हणून त्याने अठराही रोपं मातीसकट घमेल्यांत उतरवून नेली. मी रिक्षाने नर्सरीत गेलो आणि तीन-तीन फुटांच्या धडधाकट लिली आणून निळ्या कुंड्यांत लावल्या.

दोन दिवसांनी पाहतो तर रामफलने माझे रुग्ण फेकले नव्हते. गेटजवळच्या वाफ्यात कडेने लावले होते. मी काळजीने पट्टी आणि भिंग घेऊन तिथे जाऊ लागलो. चौथ्या दिवशी त्याने वाफ्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मी समजलो, कुत्र्यांसाठी असेल. तरी मनाला लागलं आणि मी मागच्या गेटने ये-जा करू लागलो, गॅलरीतूनही तिकडे बघेनासा झालो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वृंदा परतली. दारातच म्हणाली, “अहो, रामफलने गेटपाशी काय देखण्या लिली फुलवल्यात! ठेंगण्या, भरगच्च, केशरी. अगदी आपल्या लिलींसारख्या!”

मग ती गॅलरीत गेली.

“अहो, हे काय?”

“लिली.”

“कुणाच्या?”

मी कबुली दिली. ओलं फडकं घेऊन तिने दारावरचा कागद सावकाश सोडवला, उलटा केला आणि वाचला: “आठ. ही जात बुटकी आहे. फूटभर झाली की थांबते. मग शेंड्यावर हिरव्या कळ्या येतील. घाबरू नका.”

“मागेही लिहिलं होतंस?”

“एकतीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. कोरी बाजू वाया घालवत नाही.”

“आमच्या खात्यात एकाच बाजूला लिहायची पद्धत...”

“माहीत आहे. म्हणूनच ‘घाबरू नका’ लिहिलं होतं.”

“मी कमिटीला खरं काय ते सांगतो. कप तुझा आहे.”

वृंदा खाली गेटकडे पाहत राहिली. अठरा रोपं उन्हात अशी तेवत होती की येणारा-जाणारा स्कूटर थांबवत होता. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. “काही सांगायचं नाही. तुम्ही फेकायला दिलेली त्याने जगवली. कप त्याचाच.”

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी परीक्षकबाईंनी मांडलेल्या सगळ्या कुंड्या ओलांडून गेटजवळच्या वाफ्याला कप दिला. (आमच्या तीन फुटी लिली वाऱ्याने सकाळीच आडव्या झाल्या होत्या.) रामफलला मंचावर बोलावून माईक हातात दिला. बाईंनी विचारलं, “ऐसी लिली का राज़ क्या है?”

रामफल लाजला. “मैडम, मेहनत तो किसी और की है. बहुत अच्छे हाथ की. मैंने तो बस काँटे लगाए, कि डॉक्टर साहब पास न आएँ.”

सगळी सोसायटी माझ्याकडे वळून हसली. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या वृंदाने.