पराभूत सेनापतीचं टपाल

विजयी सेनापतीचा पुतळा होतो. पराभूत सेनापतीला नोकरी शोधावी लागते. पुतळ्यावर पुढे पक्षी बसतात, हे लक्षात घेतलं तर मेजर जनरल (निवृत्त) लेस्ली पेनिकट यांना नोकरीच जास्त सुरक्षित का वाटली असेल, ते कुणाच्याही ध्यानात यावं. कारण ते पक्ष्यांकडूनच हरले होते.

ऑस्ट्रेलियातल्या वुलाबरी नावाच्या गावात पांढऱ्या कॉकॅटू पोपटांनी आधी कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडली, मग टपालपेट्या उघडल्या, मग काउन्सिलच्या सभागृहाची खिडकी. लष्कर बोलावलं गेलं. मोहीम सतरा दिवस चालली. मनुष्यहानी दोन्ही बाजूंना शून्य (एका बाजूला मनुष्य नव्हतेच). लष्कराचं नुकसान असं : एक ड्रोन, सहा टोप्या, जीपच्या खिडक्यांचं सगळं रबर आणि परत निघताना ज्या दोरीने झेंडा उतरवायचा ती दोरी. झेंडा त्यामुळे अजून तिथेच आहे, आणि सरकारी अहवालात 'माघार' हा शब्द कुठेही नाही. 'उद्दिष्टांची फेरमांडणी' असा आहे. पक्ष्यांशी लढून हरण्याची या देशात जुनी परंपरा असल्यामुळे (१९३२ साली एमूंनी लष्कराला हरवलं होतं) लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. जनरलनी घेतलं.

अशा वेळी शैलेंद्रने त्यांना हेरलं. शैलेंद्र म्हणजे सदर्न होरायझन कॉलेजचा संचालक. हे कॉलेज सिडनीत, पेंडल हिल स्टेशनसमोर, एका इंडियन किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे (खोल्या चार, पैकी एकीत झेरॉक्स मशीन). इथे लीडरशिप शिकवतात. जिऱ्याच्या फोडणीचा वास फीमध्ये धरलेला नाही.

"जिंकलेले जनरल काय, कुठेही मिळतात गं," तो मधुवंतीला म्हणाला. "हरलेला, आणि तरी इस्त्रीचा शर्ट घालणारा, असा एकच."

मधुवंतीने मान डोलावली. ती पुण्याची, एम. कॉम., आठवड्यातून तीन दिवस कॉलेजच्या ऑफिसात. उरलेले चार दिवस आणि हे तीनही दिवस ती उर्वीची आई असे. उर्वी साडेपाच वर्षांची, नुकतीच किंडीत, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जायला लागलेली. तिच्या डब्यातली द्राक्षं मधुवंती अजूनही उभी चिरते, एकेकाचे चार तुकडे करून.

जनरल कॉलेजचे प्रेसिडेंट झाले आणि टपाल यायला लागलं. ई-मेल ते वापरत नसत (त्या सतरा दिवसांत लष्कराने फक्त ई-मेलच पाठवले, असं त्यांचं म्हणणं होतं). पोस्ट आता एक दिवसाआड येतं, त्यामुळे एक दिवस शांतता आणि एक दिवस पोतं, असा क्रम होता. पत्रांवर आवक क्रमांक घालणं, ती लावणं आणि उत्तरं देणं हे काम मधुवंतीकडे आलं. जनरल फक्त सही करत. पत्रं लिहिणाऱ्यांचा कोणताही वर्ग सुटला नव्हता. एका बाईंना शत्रूचं एखादं पीस आठवण म्हणून हवं होतं. डँडेनॉन्गच्या एका गृहस्थांचं अंगणातल्या मॅगपाय पक्ष्याशी तीन वर्षं भांडण चालू होतं, त्यांना तहाच्या कलमांचा नमुना हवा होता. डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याला जनरलचं नाव झाकणावर छापायचं होतं. आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं होतं, "पक्षी सॉरी म्हणाले का?" हे पत्र जनरलनी खिशात ठेवलं.

उत्तरांचे पाच नमुने ठरले. क्रमांक एक : सहानुभूतीबद्दल आभार. दोन : पीस उपलब्ध नाही. तीन : जनरल आपलं नाव झाकणांना देत नाहीत. चार : 'आपला प्रश्न गंभीर असून योग्य वेळी विचारात घेतला जाईल.' पाचवा नमुना कोरा होता. तो जनरल स्वतःच्या हाताने लिहिणार होते. तो कधीच वापरला गेला नव्हता.

तीन महिन्यांत एकूण पत्रं एक हजार चाळीस. त्यांतली एकसष्ट टक्के आईवडिलांची, आणि आईवडिलांच्यांतली निम्मी ब्लॅकटाउन ते पेंडल हिल या पट्ट्यातली. आपल्या लोकांची पत्रं लांबूनच ओळखू यायची : पाकीट जाड असे. "रिस्पेक्टेड सर, आमचा मुलगा विहान वय वर्षे सात असून त्यास पराभवाचा काहीही अनुभव नाही. आपण अनुभवी आहात. तरी योग्य मार्गदर्शन व्हावे." सोबत, विहान कधीही हरलेला नाही याचा पुरावा म्हणून, अबॅकस, बुद्धिबळ, स्पेलिंग आणि श्लोकपठण यांची तेवीस सर्टिफिकेटं, प्रत्येक प्रत जस्टिस ऑफ द पीसकडून खरी असल्याची सही घेतलेली. काही जण सोबत फराळ पाठवत. चकलीकडे जनरलनी बराच वेळ पाहिलं. काटेरी तारेचं कुंपण त्यांच्या ओळखीचं होतं.

या सगळ्यांना मधुवंती नमुना चार पाठवी. आणि या तीन महिन्यांतच एक दिवस तिने स्वतःच पत्र लिहिलं.

जनरल पलीकडच्याच खोलीत बसत, हे खरं. पण ऑफिसच्या वेळात घरगुती प्रश्न विचारायचा नाही, ही शिस्त तिच्या अंगात मुरलेली. म्हणून तिने घरी बसून लिहिलं : "सापशिडी खेळताना मी आणि माझा नवरा निमिष ठरवून हरतो. निमिष तर अठ्ठ्याण्णवच्या सापावर जाण्यासाठी घरं चुकीची मोजतो, आणि तो इंजिनिअर आहे. उर्वीला वाटतं फासे तिचं ऐकतात. पण आता ती शाळेत जाते. तिथे कुणी चुकीचं मोजणार नाही. ती हरली तर काय होईल?"

पत्र तिने स्टेशनजवळच्या लाल पेटीत टाकलं. तीन दिवसांनी ते तिच्याच टेबलावर आलं. तिने त्यावर आवक क्रमांक ४१२ घातला, नियमाप्रमाणे आईवडिलांच्या ट्रेमध्ये ठेवलं, आणि पाळी आल्यावर नमुना चार पाठवून दिला. पाकीट घरी आलं तेव्हा तिने घाईने फोडलं आणि तिचा चेहरा पडला.

"अगं, तूच पाठवलंयस ना ते?" निमिष म्हणाला.

"हो रे. पण मला वाटलं, माझ्या बाबतीत ते काहीतरी वेगळं लिहितील."

इकडे शैलेंद्रने एकसष्ट टक्के हा आकडा पाहिला आणि कोर्स काढला. 'बाल-पराभव पायाभूत वर्ग', वय पाच ते आठ, शिकवणार स्वतः जनरल, जागा वीस. अर्ज आले तीनशे चाळीस. वीस जागांना तीनशे चाळीस अर्ज म्हटल्यावर प्रवेशपरीक्षा आली (सर्वांत कमी गुणांना प्रवेश). परीक्षा आली म्हटल्यावर क्लास आला. ब्लॅकटाउनच्या विनीताताई गेली नऊ वर्षं आपल्या गराजमध्ये मुलांना सिलेक्टिव्ह, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी, शाळांच्या परीक्षांसाठी तयार करत. त्यांनी तोच गराज, त्याच खुर्च्या आणि त्याच प्रश्नपत्रिका ठेवून पुढच्या सोमवारपासून हरण्याचा क्लास सुरू केला. उर्वीचं नाव मधुवंतीने पहिल्याच दिवशी घातलं.

हरणं सोपं असतं, हा गैरसमज तिथे पहिल्याच दिवशी दूर झाला. आंधळेपणाने टिक केलं तर चुकून एखादं उत्तर बरोबर येतं. प्रत्येक उत्तर खात्रीने चुकवायचं तर बरोबर उत्तर आधी माहीत हवं. म्हणजे अभ्यास दुप्पट. विहानने दुसऱ्याच सराव परीक्षेत शंभरपैकी शून्य गुण मिळवले. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा हार घातलेला फोटो आला, खाली एकशे बारा नमस्कार आणि 'आईवडिलांच्या कष्टांचं चीज झालं'. पेढे आले. ऑफिसात मधुवंतीनेही एक खाल्ला. दुसऱ्याला मात्र ती नको म्हणाली.

कारण उर्वीला चौदा पडले होते.

"चौदा?" मधुवंतीने गराजच्या दारातच विचारलं. "कुठून आले चौदा?"

"पाया कच्चा आहे गं तिचा," विनीताताई हळू आवाजात म्हणाल्या. "चित्र आवडलं की बरोबर उत्तर देऊन मोकळी होते. घरी कोणी शिकवतं का तिला?"

"नाही हो, ताई! आम्ही काहीच शिकवत नाही."

"मग वाचत असेल कुठेतरी. लक्ष ठेव. वेळ अजून गेलेली नाही."

मधुवंतीने घरातली पुस्तकं वरच्या कपाटात ठेवली. निमिष म्हणाला, "आपण नक्की काय करतोय?" ती म्हणाली, "तू फक्त घरं मोज."

लेखी परीक्षेतून साठ मुलं निवडली गेली. उर्वीचं नाव साठावं होतं. अंतिम चाचणी शनिवारी सकाळी, पार्कात : शंभर मीटर धावण्याची शर्यत. शेवटून पहिल्या विसांना प्रवेश. शर्यत पूर्ण करणं आवश्यक (हा नियम जनरलनी घातला होता, का, ते कुणी विचारलं नाही).

साठ मुलं रेषेवर उभी राहिली. सगळ्यांना टोप्या, सगळ्यांच्या नाकावर सनस्क्रीन. जनरलनी शिट्टी वाजवली.

कुणीही हललं नाही.

या क्षणी आपल्या समाजाच्या शिस्तीचं कौतुक करावं तेवढं थोडं. दोरीपलीकडे एकशे वीस आईबाप, दोरीअलीकडे साठ मुलं, आणि पार्कात फक्त सॉसेज भाजल्याचा आवाज. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग एका मुलाचं पाऊल अर्धा फूट पुढे गेलं आणि त्याचे वडील ओरडले, "बेटा, मागे! मागे! क्या सिखाया था?" विहान खाली बसला. ते पाहून अकरा मुलं बसली. त्यावर कडी करत एक मुलगी आडवी झाली. एक मुलगा उलटा चालू लागला, त्याला तिघांनी लेखी हरकत घेतली. चाळीस मिनिटं झाली तेव्हा सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या मुलात अंतर होतं सव्वा मीटर.

उर्वी उभी होती. मधुवंती दोरी घट्ट धरून तिच्याकडे डोळ्यांनी सांगत होती : थांब. थांब सोन्या. थोडंच राहिलंय.

तेवढ्यात शर्यतीच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यावर, एक पांढरा कॉकॅटू येऊन बसला. जनरल ताठ झाले. कॉकॅटूने चोचीत झाकणाची कड धरली, एक पाऊल सरकला, आणखी एक सरकला, आणि झाकण धाडकन उलटं पडलं.

"वॉव!" उर्वी किंचाळली आणि धावत सुटली.

ती टोपी सांडून धावली, दोन्ही हात पसरून धावली, बुटाची नाडी सुटली तरी धावली. फीत तिच्या पोटाला लागून तुटली तेव्हा पार्कभर जे पसरलं, त्याला मराठीत सुतक म्हणतात. एक बाई मधुवंतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दुसरी मुलं नाहीत ना तुम्हाला?"

मधुवंती धावत टोकाला पोचली. उर्वी डब्याकडे बघत होती.

"मम्मा, त्याने ओपन केलं! यू सॉ?" मग आईचा चेहरा पाहून तिने विचारलं, "डिड आय लूज?"

साडेपाच वर्षांत हे उत्तर मधुवंतीने एकदाही दिलं नव्हतं. ती म्हणाली, "हो."

उर्वीने सुटलेली नाडी बुटात खोचली.

"ओके. कॅन आय हॅव अ सॉसेज?"

आणि ती गेलीसुद्धा.

मधुवंती मात्र झाडाखाली बसली आणि अपील लिहायला लागली. मुद्दा बिनतोड होता : हरण्याच्या स्पर्धेत जी हरली, तीच एकटी खरी हरलेली, सबब पहिला प्रवेश उर्वीचा. दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर अक्षर पुसट व्हायला लागलं, तेव्हा ती रडते आहे हे तिच्या लक्षात आलं. शेजारी कुणीतरी बसलं. जनरल होते. त्यांच्या दोन हातांत पावात गुंडाळलेली दोन सॉसेज होती. एक त्यांनी तिच्यापुढे केलं.

"वुलाबरीत मीही शेवटचे नऊ दिवस अपीलच लिहीत होतो," ते म्हणाले. "पक्षी वाचत नाहीत."

दोघांनी खाल्लं. पलीकडे उर्वी तोंडाला सॉस लावून कॉकॅटूशी बोलत होती.

मंगळवारी पोस्ट आलं. जनरल पलीकडच्याच खोलीत बसत असूनही पत्र रीतसर तिकीट लावून मधुवंतीच्या घरी आलं होतं. संदर्भ : आवक क्रमांक ४१२. नमुना पाच, हस्ताक्षरात.

"आपल्या मुलीला या वर्गाची गरज नाही. वर्गाची वयोमर्यादा मी आजपासून बदलली आहे. एक जागा आपल्यासाठी ठेवली आहे. सोमवारी दहा वाजता, शाळांना सुट्टी आहे. टोपी आणि डबा आणावा."

पहिल्याच सोमवारी वीस मोठी माणसं लहान खुर्च्यांवर बसली. (विहानचे आईवडील दोघंही होते, विहान घरी आजीपाशी झोपला होता, सात वर्षांत प्रथमच दहा वाजून गेले तरी.) प्रत्येकाला एक सापशिडी आणि समोर खेळायला एक मूल. मधुवंतीसमोर उर्वीच होती. मधुवंती अठ्ठ्याण्णववर आली, खरोखरच आली, आणि साप तिला अठ्ठावीसपर्यंत घेऊन गेला. उर्वीने तिच्या हातावर थोपटलं. "नो वरीज, मम्मा."

घरी गेल्यावर ती निमिषला म्हणाली, "जनरल म्हणाले, मी छान हरले."

"अरे वा," निमिष म्हणाला. "बाकीच्यांचं काय?"

"सगळ्यांत छान मीच," मधुवंती म्हणाली, आणि पुढच्याच सोमवारी तिला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवण्यात आलं.

दुसऱ्या तुकडीचे अर्ज सुरू आहेत. आता परीक्षा नाही, एकच प्रश्न आहे : 'वरील मजकूर वाचताना, साडेपाच वर्षांचा असताना आपल्या मुलाने या शर्यतीत काय केलं असतं, असा विचार आपल्या मनात आला का?' ज्यांचं उत्तर 'हो' आहे त्यांना थांबावं लागेल, यादी लांब आहे. 'नाही' लिहिणाऱ्यांना थेट प्रवेश, कबूलही न करणाऱ्यांची गरज जास्त.