बाकीची जिंदगी

देगलूरकरांबरोबर नारायणगुड्याहून हिमायतनगरला चालत जायला पाऊण तास लागायचा. एरवी पंधरा मिनिटं पुरतात. देगलूरकर प्रत्येक दारूच्या दुकानाला वळसा घालून जात. स्वतः थेंबही घेत नसत. "माझ्या माणसांना ह्याच रस्त्यानं जायचंय, काका. आधी आपण चालून बघावं की नक्को?"

ते व्यसनमुक्ती केंद्रात केस मॅनेजर होते. डॉक्टर औषध देतो, समुपदेशक बोलतो, "अन् बाकीची जिंदगी माझ्याकडं," असं ते म्हणत. म्हणजे कुणाचं आधार कार्ड, कुणाची दाढदुखी, कुणाच्या रुसलेल्या सासऱ्याची समजूत. एका पेशंटसाठी नोकरी मागायला गेले, तर शेठजी त्यांनाच ठेवून घ्यायला निघाले. तासभर हुज्जत घालून देगलूरकरांनी ती नोकरी पेशंटला मिळवून दिली.

प्रत्येकाला ते हातानं काढलेला नकाशा देत. घर, काम, केंद्र आणि मधल्या बिनधोक गल्ल्या. नवं दुकान उघडलं की सगळे नकाशे पुन्हा काढायला बसत. माझ्या मुलाचा, सुनीलचा रस्ता चक्क म्हशींच्या गोठ्यातून जात होता. "गवळ्याशी बोललोय मी. फक्त काळ्या म्हशीच्या मागनं नको जाऊ, भाऊ." सात महिने सुनील शेणानं भरलेल्या चपला घेऊन घरी येत होता, आणि त्याची आई त्या आनंदानं धूत होती.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

घरी सत्यनारायण होता. गुरुजी बसले आणि विड्याची पानं नाहीत असं लक्षात आलं. मी सुनीलला म्हटलं, "सरळ रस्त्यानं जा, लवकर ये."

"बाबा, तिकडून नको."

"एवढा घोडा झालास, एक रस्ता चालवत नाही?"

पाहुण्यांदेखत म्हटलं. तो गेला, आणि दोन दिवसांनी परतला. पानं आणली नव्हती.

केंद्रात मी सांगितलं की देगलूरकरांचा नकाशाच चुकीचा होता, त्यात एक दुकान राहून गेलं होतं. देगलूरकर समोरच बसले होते. काही बोलले नाहीत. सुनीलची केस दुसऱ्याकडे गेली. केस गेली की त्या पेशंटशी संबंध ठेवायचा नाही, असा तिथला नियम.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या काचीगुड्याच्या खोलीवर गेलो. आता निवृत्त आहेत, एकटेच राहतात. सगळं कबूल केलं.

"मला ठाऊक होतं, काका. सुनीलनं केंद्रात आल्या आल्या सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही दोघं एका घरात राहिला असता का? डॉक्टर, नोकरी, खोली, मी कुठूनबी आणतो. बाप कुठून आणू?"

ते चहाचं आधण ठेवायला उठले. माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "कसा आहे?"

"बरा आहे. घेत नाही. निजामाबादला नोकरीला आहे, दर रविवारी फोन करतो."

"असं नक्को, काका." त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "तीन वर्षं कुणाला विचारताच आलं नाही. केस माझ्याकडनं गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सांगा."