हवेचा तिपदरी बंदोबस्त

वेळ मंगळवार सकाळी दहा वाजून वीस मिनिटांची. स्थळ, वाहन परवाना कार्यालयामागचे चाचणी-मैदान. तेथील सिमेंटच्या चढावर एक लहानशी पांढरी गाडी मध्येच बंद पडली होती. चालकाच्या जागी एक परिचारिका, शेजारी परीक्षक, आणि मागे, गाडीचे मालक या नात्याने, बाईंचे यजमान, म्हणजे विज्ञानाचे मास्तर. घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करण्याची नोकरी बाईंना सोमवारपासून मिळायची होती; अट एकच, परवाना. गाडी मागे घसरल्यामुळे याच चढावरून त्या दोनदा हात हलवत परतल्या होत्या.

आदल्या दिवशी मास्तरांनी गाडीची तयारी जातीने केली होती. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर एक सेन्सर असतो. त्यातली केसासारखी तार विजेने तापवलेली असते. येणारी हवा तिला निववते, आणि तिची ऊब टिकवायला किती वीज लागली यावरून हवा किती आली हे गाडीला कळते व त्या बेतानेच पेट्रोल सोडले जाते. एवढे त्यांनी वाचले होते, आणि ते बरोबर होते. पुढचे मात्र त्यांचे स्वतःचे. तारेवर धूळ बसली तर मोजमाप चुकणार, आणि कंपनीच्या फिल्टरवर विसंबणे म्हणजे भाबडेपणा! सबब, हवेच्या तोंडावर त्यांनी ड्रेसिंगच्या कापसाची तिपदरी घडी बसवून ती चिकटपट्टीने पक्की केली. सपाट रस्त्याने गाडी कुरकुरत का होईना, मैदानापर्यंत आली. चढाने मात्र तिचा दम काढला.

"अहो, काय केलंत हिला?" बाईंनी आरशातून विचारले.

"मी? मी फक्त काळजी घेतली."

"पुन्हा चालू करा," परीक्षक म्हणाले.

बाईंनी हँडब्रेक ओढला, गाडी चालू केली, क्लच अलगद सोडला. गाडी दोन हात पुढे गेली आणि पुन्हा गप्प झाली.

"सेन्सर खोटं बोलतोय," मास्तरांनी मागून निदान केले. "बाहेर एवढी हवा आहे, आणि हा सांगतोय, येतच नाही. साहेब, तत्त्व अगदी सोपं आहे. गरम चहावर आपण फुंकर मारतो तेव्हा..."

"साहेबांना चहा माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा गप्प बसता का? माझी परीक्षा चालू आहे."

"तुझीच बाजू मांडतोय अगं."

"मागच्या दोन्ही वेळा माझी बाजू कुणी मांडली नव्हती, तेव्हा निदान गाडी तरी चालू होती."

गाडी आणखी चार वेळा बंद पडली. मागे रांगेतल्या उमेदवारांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. अखेर परीक्षक खाली उतरले, त्यांनी बॉनेट उघडले आणि दोन बोटांच्या चिमटीत ती घडी बाहेर काढली.

"हे काय?"

"हा माझा कापूस," बाई म्हणाल्या.

"संरक्षण," मास्तर म्हणाले. "धुळीपासून."

"आणि हवा कुठून जाणार?"

मास्तर म्हणाले, "हवा गृहीत धरली होती."

"म्हणजे सेन्सर बिचारा खरंच सांगत होता."

"तेच तर मी म्हणतोय," मास्तरांनी तत्परतेने पक्ष बदलला. "अत्यंत विश्वासू यंत्र. हवा नाही, म्हणून पेट्रोल नाही. तर्क बिनचूक."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "साहेब, आता कापूस निघालाय. एकदा नीट चढवून दाखवू का? एकच संधी द्या."

"गरज नाही." परीक्षकांनी खिशातून पेन काढले. "चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे काढायची, एवढंच मला बघायचं असतं. लोक एकदा दाखवतात. तुम्ही पाच वेळा दाखवलंत, आणि तेही असल्या गाडीत. एक इंच मागे आली नाही."

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे, एका अर्थाने पाहिलं तर, माझ्याच उपायामुळे..."

परीक्षकांनी सही केली, कागद बाईंच्या हाती दिला आणि कापूस मास्तरांच्या.

"बाई पास," ते म्हणाले. "मास्तर नापास."