सिहोऱ्याची पर्सेफनी

म्हशीला 'हेरा' अशी हाक मारणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या सिहोऱ्यात आहे. माझे शेजारी, दसारामगुरुजी. बैलांची नावं कॅस्टर आणि पोलक्स. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, येणाऱ्या बाया त्यांना कस्तुऱ्या आणि पोळक्या म्हणतात, बैलांची हरकत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी कोणत्याही वादात ग्रीक पुराण काढतात आणि "ग्रीकात लिहून आहे" म्हणत वाद संपवतात.

एकुलत्या लेकीचं नाव त्यांनी पर्सेफनी ठेवलं. दाखल्यावर ती परसेफोनी झाली, रेशनकार्डावर परसुफणी, गावाच्या तोंडी परसू. गुरुजींनी काहीच दुरुस्त केलं नाही. ग्रीकातही गावोगाव वेगळंच लिहीत, म्हणायचे, पोरगी तीच.

पुराणातली पर्सेफनी धान्यदेवतेची लेक. पाताळाच्या राजानं तिला नेलं, तेव्हा मायनं पृथ्वीवर दाणा उगवू दिला नाही. ही गोष्ट ते दरवर्षी बांधावर उभं राहून सांगत. बाया विचारत, "मंग आमी रोवावं का घरी जावं, गुरुजी?"

आमच्या परसूला कोणी पळवलं नाही. तिनं नागपुरात पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलं. जातीची बैठक बसली. लेक घरी आली तर तुमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, कोणी पाय ठेवणार नाही, असं ठरलं. बहिष्कार गुन्हा आहे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजी, जे कुणाला बोलू देत नाहीत, त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत.

आमच्याकडे रोपांची पहिली जुडी घरची लेक रोवते. परसू गेल्यापासून त्यांची विहिरीजवळची बांधी तशीच पडून असते. तिथं पाणी कमी आहे, असं गुरुजी सांगतात. बांधीत बेडूक पोहत असतात.

परवा मी चिडून म्हटलं, बोलवा की तिला. ते पऱ्ह्यांकडे, त्या हिरव्यागार कोवळ्या रोपांकडे, बघत राहिले.

"मायनं धरती रोखली, बापू. बाप चूप होता, असंच लिहून आहे. मी बी चूपच होतो."

मी फोन लावून त्यांच्या हाती दिला. पुराण नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "पऱ्हे झाले, बाई. येशीन ना?"

रविवारी ती नवऱ्यासह येते आहे. जातवाल्यांनी घरोघर निरोप फिरवला, बायांनी नकार कळवला. पऱ्हे मात्र थांबत नाहीत. म्हणून हे लिहितो आहे. रविवारी सकाळी सिहोऱ्याला या. रोवता येत नसेल तर आम्ही शिकवू. तिच्यासोबत चिखलात उतरायला माणसं हवी आहेत.